कुंकवाचे बाण

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी

साधने,

नमस्कार वगैरे घरातल्या मोठ्यांना सांग, तुला नाही. तुझ्यावर मी रागावले आहे. सृष्टीचं लग्न ठरलं ही बातमी मला कुठे कळावी? भाजीबाजारात, मेथीची जुडी निवडताना, आपल्या वसतिगृहातल्या मंगलाकडून! डी.एड.ला असल्यापासून आपण पत्रं लिहितो, तुमच्या पाड्यावर रेंज नाही म्हणून अजूनही लिहितो, आणि सासूच्या गुडघ्यापासून शाळेच्या गळक्या कौलांपर्यंत सगळं कळवणाऱ्या बाईला पोटच्या मुलीचं लग्न तेवढं कळवायला सुचू नये म्हणजे कमाल झाली.

असो. राग संपला. आता माझी बातमी ऐक.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून आमचा सायकलवाल्यांचा एक गट झाला आहे हे तुला माहीत आहेच. परवा आम्ही सायकली टेम्पोत घातल्या आणि थेट तुझ्या धरणाच्या फाट्यावर उतरलो. तिथून डावीकडचा रस्ता तुझ्या मोहपाड्याला येतो तो. आम्ही उजवीकडे वळलो, धरणाच्या मागल्या अंगाने जाते त्या वाटेने. साधने, तू इतकी वर्षं तिथे राहतेस आणि ही वाट मला कधी सांगितली नाहीस! डांबर संपलं की मुरूम आणि बारीक खडी, चाकाखाली सारखी करकर. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मध्येच एखादा मोह. झाडं जरा विरळ झाली की उजव्या हाताला एकदम पाणी, इतकं जवळ की बगळे उडायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत. एक मोटार नाही, हॉर्न नाही. एक म्हातारा गुरं घेऊन भेटला, त्याने विचारलं, "काय हरवलं का बाई?" मी म्हटलं, काही नाही बाबा, सापडलंय. मी खरंच मोठ्याने गाणं म्हणत होते. वाट फिरत फिरत शेवटी तुझ्याच पाड्याच्या मागे निघते, पण आम्हाला उशीर झाला होता म्हणून अर्ध्यातून परतलो.

गटात किशोर म्हणून एक निवृत्त बँकवाले आहेत. त्यांची सायकल एवढी महागाची की तिला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मला रोज सांगतात, "मीनाताई, ते कॅरेज काढून टाका, उगाच वजन." मी म्हणते, या कॅरेजवर बसून साधना डबलसीट कॉलेजला आली आहे, ते निघायचं नाही. सायकल तीच आहे बरं का, फक्त टायर नवे घातलेत, रुंद, खडीवर न घसरणारे.

लग्न कधी, कुठे, मुलगा कोण, सगळं लिही. झेंडू आमच्या मळ्यातला येणार, त्यात वाद नको.

तुझी, अजून थोडी रागावलेली,
मीना


मोहपाडा
२३ जानेवारी

मीने,

तू रागावलीस की तुझं अक्षर सुधारतं, तेव्हा अधूनमधून रागावत जा.

कळवलं नाही कारण लग्न ठरलं होतं, पण जागा ठरत नव्हती. मुलगा स्वराज, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. गुणाचा आहे. सृष्टीशी बोलताना ऐकून घेतो, हे मी दोनदा चोरून पाहिलं. त्याचे आईवडीलही साधे. पण त्या घरात शब्द चालतो तो आजीचा. लंकाबाई त्यांचं नाव. आपल्याच समाजाच्या, आपल्याच डोंगरातल्या म्हणे, पण तरुणपणी तिकडे गेल्या त्या गेल्याच. बैठकीत सगळं छान चाललं होतं आणि आमच्या गावाचं नाव निघाल्याबरोबर बाईंनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "लगीन पिंपळगावला हॉलात करा. त्या पाण्याकडं मला आणू नका." वर आणखी, "पोरीला भाऊ नाय. न्यायला मुराळी कोण येणार?"

मीने, मला ते फार लागलं. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला भाऊ येतो ती रीत मला मान्य आहे, पण देवाने मुलगा दिला नाही तर मी काय करू? आणि आमचं गाव म्हणजे काय काळ्या पाण्याची जागा आहे?

म्हणून मी हट्टाला पेटले आहे. मांडव माझ्या दारात पडणार. का ते तुला सांगते. लग्न हॉलात झालं की मुलीचं माहेर त्यांच्यासाठी पत्रिकेवरच राहतं. एकदा का ती माणसं इथे येऊन जेवून गेली, रस्ता त्यांच्या पायाखालचा झाला, की उद्या सृष्टीला यायला कोणी आडकाठी करणार नाही. आणि त्या लंकाबाईंच्या मनातून हे गाव उतरलेलंच राहिलं, तर अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, सगळ्यांच्या मुली येऊन झोक्यावर बसतील आणि आमच्या आंब्याचा झोका रिकामा राहील. मला दुसरी कसली काळजी नाही, एवढीच आहे.

तुझ्या वाटेबद्दल म्हणशील तर ती आम्हाला 'सापडलेली' नाही, आमची गुरं रोज जातात तिथे. तुम्ही शहरातले लोक खडी बघून गाणी म्हणता, आम्ही गावच्या रस्त्याला डांबर कधी पडेल म्हणून डोळे लावून बसलोय. पण एक विचारते. त्या जंगलात तुम्ही चुकत कसे नाही? गेल्या वर्षी माझ्या जावेने, नवसाबाईने, पोरीच्या लग्नाला फाट्यापासून कागदी पाट्या लावल्या होत्या. त्या शेळ्यांनी खाल्ल्या आणि निम्मं वऱ्हाड हरसूलच्या दुसऱ्याच मांडवात जेवून आलं.

तुझी,
साधना


मखमलाबाद
२ फेब्रुवारी

साधने,

शाब्बास! मांडव दारातच. मी तुझ्या बाजूने.

शेळ्यांवरचा उपाय माझ्याकडे आहे. फक्की! शाळेच्या ग्राउंडवर रेषा मारायची ती चुन्याची पांढरी पावडर, आपण खेळाच्या तासाला नाकातोंडात घ्यायचो ती. आमचा गट वाटेवर तिचेच बाण काढतो, म्हणजे मागे राहिलेला माणूस चुकत नाही. तुझ्या अहोंना, यादवरावांना सांग, आदल्या दिवशी फाट्यापासून मांडवापर्यंत प्रत्येक वळणावर ठसठशीत बाण काढायचे. शेळी चुना खात नाही.

आता माझा बेत. लग्नाला मी मोटारीने येणार नाही. आमचा अख्खा गट सायकलवर येणार, त्या मागल्या वाटेने, धरणाला वळसा घालून. झेंडूच्या माळा माझ्या कॅरेजवर. (किशोरना सांगितलं, बघा, वजनाचा उपयोग.) आमचे बाणही फक्कीचेच असणार, तेव्हा फाट्यावर घोटाळा नको म्हणून एक कर. तुमच्या बाणांवर कुंकू टाका. आमचे नुसते पांढरे राहतील. वऱ्हाडाला एकच निरोप द्यायचा, कुंकवाचे बाण धरा आणि या. लहान मूलसुद्धा चुकणार नाही.

लंकाबाईंचं मी बघते. झेंडूची सगळ्यात मोठी माळ त्यांच्या गळ्यात घालीन, मग कशी बाई आठी घालते बघू.

तुझी,
मीना


मोहपाडा
१४ फेब्रुवारी

मीने,

झालं एकदाचं. आठ मार्च, साडेअकराचा मुहूर्त, मांडव आमच्या दारात. स्वराजने आजीपुढे जेवण सोडलं तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. तरी आम्ही निघताना त्यांनी बजावलंच, "गाडीतून उतरीन, अक्षता टाकीन, गाडीत बसीन."

यादवरावांना तुझी युक्ती फारच आवडली. अंगणात रोज सराव चालतो. कोंबड्या पांढऱ्या झाल्या आहेत. कुंकवाचा पुडा मी त्यांच्या खिशात आत्ताच घालून ठेवला, विसरायला नको. वऱ्हाडाला निरोप गेला आहे, तुझ्याच शब्दांत.

माझा जीव टांगणीला लागलाय. सगळं वेळेवर आणि धड होऊ दे, एवढंच.

साधना


मोहपाडा
१० मार्च

मीने,

लग्नात तुझ्याशी दोन शब्द नीट बोलायला मिळाले नाहीत, आणि तुम्ही टेम्पो गाठायच्या घाईत निघून गेलात. म्हणून मी काय पाहिलं ते आता लिहिते, कारण तू ते पाहिलं नाहीस.

अकरा वाजले, वऱ्हाड नाही. साडेअकरा वाजले, नाही. संबळवाला वाजवून वाजवून दमला आणि भज्यांकडे वळला. भटजी घड्याळाकडे बघत होते, बायका माझ्याकडे. यादवराव फाट्यापर्यंत मोटारसायकलवर जाऊन आले, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी आत जाऊन देवापुढे उभी राहिले. मनात म्हटलं, ती बाई फिरली. सगळ्यांना घेऊन माघारी गेली.

आणि मग पोरं ओरडायला लागली. पण रस्त्याकडे बघून नाही, मागे रानाकडे बघून. सागांमधून पहिला कोण बाहेर आला तर नवरदेव! डोक्याला बाशिंग, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कोणाच्या तरी लाल सायकलवर. त्याच्या मागे एक गृहस्थ पळतायत, "ब्रेक हळू, ब्रेक हळू" म्हणत. ते तुझे किशोर हे मला नंतर कळलं. आणि त्यांच्या मागे तू. तुझ्या कॅरेजवर लंकाबाई. गळ्यात झेंडूच्या सगळ्या माळा, डोक्यापासून पायापर्यंत धूळ, चपला हातात.

सगळा मांडव हसला. मीही हसले असते, पण त्या बाई उतरल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची वाट लय झ्याक हाय."

मला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अक्षता पडल्या. मग त्या कोणाशी बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट घेऊन मांडवाच्या टोकाला जाऊन बसल्या, सगळ्यांकडे पाठ, तोंड पाण्याकडे. आग्रह करायला गेले तर मान हलवली. निघताना सृष्टीला जवळ बसवून घेतलं आणि गेल्या.

एवढं सगळं केलं ते एकाच गोष्टीसाठी, आणि तीच गेली. आता कोणत्या तोंडाने म्हणू, आखाजीला मुलगी पाठवा? त्यात यादवराव शपथ घेतात की त्यांनी बाण बरोबर काढले. मीने, खरं सांग. तुमच्या बाणांवर तुम्ही कुंकू टाकलं होतं का?

साधना


मखमलाबाद
१६ मार्च

साधने,

आधी शपथ. शनिवारी दुपारी मी आणि किशोर येऊन बाण काढून गेलो तेव्हा ते दुधासारखे पांढरे होते. रविवारी बघते तर प्रत्येक बाणाच्या टोकाला हळद आणि कुंकू, वर एकेक तांदूळ! मला वाटलं यादवरावांच्या अंगात आलं. फाट्यावर दोन्हीकडे कुंकवाचे बाण. ड्रायव्हरने उजवीकडचा धरला, कारण त्यावर हळदसुद्धा होती. त्याचं काय चुकलं?

आता तू जे पाहिलं नाहीस ते ऐक. आणि ऐकून झाल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घे.

ओढ्याने वाट खाल्ली आहे तिथे आम्ही पोचलो, तर समोर दोन जीपगाड्या आणि एक टेम्पो, एकापुढे एक अडकलेले. पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही. नवरदेव दगडावर बसलेला. वऱ्हाडी ड्रायव्हरला शिव्या देतायत, ड्रायव्हर बाणांना. स्वराजने एकदाच घड्याळाकडे बघितलं आणि असा चेहरा केला की किशोर सायकलवरून उतरले. साधने, जे किशोर मला हँडलला बोट लावू देत नाहीत, त्यांनी आपण होऊन सायकल पुढे केली आणि म्हणाले, "जावईबापू, बसा." बाकीच्यांनी चालायला सुरुवात केली, पोरं आमच्या गटाच्या दांड्यांवर बसली, आणि राहिल्या लंकाबाई. गुडघे धरून जीपमध्ये बसल्या होत्या.

मी कॅरेजवरच्या माळा काढल्या. ठेवायच्या कुठे, म्हणून त्यांच्याच गळ्यात घातल्या. म्हटलं, आजी, बसा. त्यांनी मला खालपासून वर पाहिलं. "पाडशील?" "नाही." "आधी कोणाला पाडलंय?" "साधनाला एकदा. शेणात." हे ऐकून त्या बसल्या.

अर्धी वाट त्यांनी माझी सीट घट्ट धरून ठेवली होती. मग पाणी लागलं, सागाची ती सरळ रांग आहे ना, तिथे, आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "थांब." उतरल्या. पाण्याकडे बोट केलं. मी जन्मात विसरणार नाही, त्या काय बोलल्या ते तसंच लिहिते.

"हितं आंबठाण व्हतं. माझं म्हायेर. तो साग माझ्या बापानं लावला. मला न्यायला माझा भाऊ याच वाटंनं यायचा, डोईवर पटका, हातात काठी. मंग पाणी आलं. भाऊ कामाला घाटाखाली गेले, मागं कोणी राह्यलं नाय. मुराळी यायचा बंद झाला. तवापासून मी हिकडं फिरकले नाय बाई. काय बघायचं व्हतं?"

साधने, तू काय समजलीस आणि होतं काय! 'त्या पाण्याकडं मला आणू नका' म्हणजे तुझं गाव त्यांना कमी वाटलं म्हणून नव्हतं ग. आणि मुराळी कोण येणार, हे त्यांनी टोचायला नव्हतं विचारलं. ज्या बाईचे स्वतःचे डोळे वाट बघून शिणले ती दुसरं काय विचारेल?

मला रडू आलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "वाट तशीच हाय की. मला वाटलं तीबी बुडाली." मग डोळे पुसले, माळा सारख्या केल्या आणि मला दटावलं, "चल गं, नवरदेव लय पुढं गेला." उतारावर त्या हसत होत्या. मोठ्याने. मी ब्रेक दाबला तर म्हणाल्या, "दाबू नको."

तेव्हा बाईसाहेब, 'तुमची वाट लय झ्याक हाय' हा टोमणा नव्हता. त्यांना ती खरंच झ्याक वाटली. ताट घेऊन त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या ते रुसून नाही. माहेरी जेवत होत्या त्या.

तुझी,
मीना


मोहपाडा
२ एप्रिल

मीने,

तुझं पत्र मी शाळेत वाचलं आणि पोरांना मधली सुट्टी लवकर दिली. कपाळावर हात मारून झाला. त्या पाठ करून बसल्या होत्या आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात काय काय बोलत होते, ते देव जाणे आणि मी.

आधी बाणांचा उलगडा. नवसाबाई! लग्नाच्या सकाळी मोळी आणायला ती त्या वाटेने फाट्यापर्यंत गेली. तुझे पांढरे बाण दिसले. तिला वाटलं, यादवराव या बाजूला कुंकू टाकायचं विसरले. शुभकार्याचे बाण उघडे कसे ठेवायचे? म्हणून ती घरी आली, हळदीकुंकवाचं ताट घेऊन परत गेली आणि एकेका बाणाची पूजा करत आली. अक्षता वाहिल्या, पाया पडली. हे सगळं तिने मला काल अभिमानाने सांगितलं. "भाऊजी पुरुष माणूस, त्यांना काय कळतं." तिला रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटले. मग सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे लंकाबाईला तिच्या म्हायेरच्या वाटंनं मीच आणलं का काय?" आता ती गावभर हेच सांगत फिरते आहे. सांगू दे.

आता मुख्य. परवा मी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढले आणि रेंज आल्याबरोबर सृष्टीचा फोन आला. पोरगी खुशीत आहे. फोन मध्येच लंकाबाईंनी घेतला. मी घाबरून पदर सारखा केला, फोनवर! त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आखाजी आली. मुराळी पाठवा."

मी म्हटलं, आजी, सृष्टीला भाऊ नाही, आम्हीच दोघं येतो.

"तुमी नका येऊ. ती सायकलवाली पाठवा. अन् मुराळ्याला सांगा, एकीला नाय, दोघींना न्यायचंय. मी चार दिस ऱ्हाणार हाय. तुमच्या दारातून आंबठाण दिसतं."

मीने, मी त्या टाकीवर उभी राहून रडले. खालून यादवराव विचारतायत, काय झालं, काय झालं. शेवटी एवढंच सांगितलं, आपल्याकडे दोन माहेरवाशिणी येणार.

सृष्टी हळूच म्हणाली, आजींनी पिशवी आत्ताच भरून दाराशी ठेवली आहे. आखाजीला अजून किती दिवस आहेत!

येशील ना गं?

साधना


मखमलाबाद
९ एप्रिल

साधने,

हे काय विचारणं झालं? पटका आणलाय. केशरी. आरशापुढे बांधून बघितला, मी बरी दिसते.

बेत असा. पिंपळगावहून फाट्यापर्यंत आम्ही तिघी जीपने, सायकली टेम्पोत. किशोर म्हणाले, सृष्टीला माझी सायकल चालेल का? (त्यांनी परवा स्वतःच्या सायकलला कॅरेज बसवलंय. त्यावर कोणी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरलं आहे.) लंकाबाई माझ्या मागे, कॅरेजवर गोधडीची घडी बांधून ठेवली आहे. फाट्यावरून उजवीकडे. या वेळी बाण काढणार नाही, रस्ता त्यांना माहीत आहे. सागाच्या रांगेपाशी त्या म्हणतील तेवढा वेळ थांबणार, तेव्हा जेवायला वाट बघू नका, पण उडदाचं भुजं आणि नागलीची भाकरी झाकून ठेव.

आणि हिशेब तुझा चुकला आहे. माझे आईवडील गेल्यावर मलाही कोणी आखाजीला बोलावलेलं नाही, आणि मुराळी म्हणून आले तरी मी काही दारातून परत जाणारी नाही. यादवरावांना सांग, आंब्याला झोक्याचा दोर जाड बांधा. तिघी बसणार आहोत.

मीना